ठोसर बाईंच्या खोलीतलं बाशिंग

मंजुळाबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली मुळात माणसासाठी नव्हतीच. तिच्यात म्हशीसाठी सरकी भरून ठेवायचे. मग आमच्या धाडला आठवीचा वर्ग निघाला, अमरावतीहून ठोसर बाई शिकवायला आल्या आणि सरकी मागच्या पडवीत गेली. सरकी गेली, वास राहिला. भिंती कंदिलाच्या धुरानं काळ्या, वर पत्रा, कोपऱ्यात उंदराचं बीळ. सामान म्हणाल तर एक खाट, एक ट्रंक आणि एक स्टोव्ह. बाईंनी बिळात कागदाचा बोळा कोंबला होता. उंदरानं तो खाऊन टाकला आणि आणखी मिळेल का म्हणून बाहेर येऊन बसला.

दिवाळीच्या सुटीला घरी जाताना बाई मंजुळाबाईंना म्हणाल्या, "सुटीत बदलीचं काही जमतंय का बघते. संध्याकाळी या खोलीत मन रमत नाही हो."

मंजुळाबाईंनी हे विहिरीवर सांगितलं, म्हणजे गावालाच सांगितलं. मायनं घरी येऊन मला सांगितलं आणि माझ्या हातातला करंजीचा घासच थांबला. तो मी नंतर खाल्ला, पण थांबला होता हे खरं.

कारण बाई गेल्या तर शाळेला दुसरा मास्तर मिळेल, पण आम्हाला शाळा मिळणार नाही. माझ्या बाबांनी, म्हणजे इंद्रभान वांगीवाल्यांनी, शाळेच्या ओट्यावर चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "बाई शिकवाले हाय म्हणून पोरगी धाडतो. मास्तर आला का दप्तर खुंटीले." बाकीच्या मुलींच्या बापांनी माना डोलावल्या होत्या. आमच्याकडे एका बापानं मान डोलावली की ती साथीसारखी पसरते.

आणि मला शाळा हवी होती. आधी एवढी नव्हती. आधी मी वर्गात नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. पण पंधरा ऑगस्टला बाईंनी मला हाताला धरून पुढं उभं केलं. भाषण पाठ होतं तेवढं म्हटलं, विसरले तिथं मनाचं घातलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! तेव्हापासून मला वाटतं की आपल्याला सगळंच येतं. माय म्हणते हा रोग आहे. असेल. पण फार छान रोग आहे.

भाऊबीज झाली आणि मी शेवंताला गाठलं. शेवंता माझ्या बाकावर बसते, फार बोलत नाही, पण जे बोलते ते नेमकं डोक्यात बसतं.

"आपण बाईची खोली अशी सजवू, अशी सजवू, का बाईले जावंच वाटणार नाई," मी म्हटलं.

"कायनं सजवू? तुह्या बोलण्यानं?"

"विकतचं काहीच नाई आणायचं. हातानं करायचं. अन् परत्येकीनं घरातली सगळ्यात जिवाची वस्तू आणायची."

"जिवाची वस्तू कोणी देते का व?"

"म्हणूनच तर मागायची!"

खोलीची किल्ली मंजुळाबाईंकडंच होती. मागितली तर म्हणाल्या, "सारवाले? सारवा नं माय! मले तेवढंच सुटलं." वर्गातल्या आम्ही पाचही मुली भिडलो. आधी पांढरी माती, मग वरून चुन्याचा हात. चुना कुणाच्या ना कुणाच्या दिवाळीतून उरलेला होताच. उंदराच्या बिळात काचेचे तुकडे घालून वरून शेणमातीचा गोळा ठोकला. कापूस फुटायचे दिवस, म्हणून वावरातून पांढरी फुटलेली बोंडं आणली आणि दोऱ्यात ओवून दाराला तोरण केलं. मध्येमध्ये गुंजांचे लाल मणी. रॉकेलचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर मायनं विणलेला रुमाल टाकला, त्यावर औषधाची निळी बाटली आणि बाटलीत काशाच्या गवताचे तुरे. झालं टेबल! मी लांब उभी राहून बघितलं आणि मलाच नमस्कार करावासा वाटला.

मग जिवाच्या वस्तू यायला लागल्या.

मायनं तिच्या रुखवतातला मण्यांचा पोपट दिला. या पोपटाला आम्हा भावंडांपैकी कुणाला हात लावू दिला नव्हता. माय म्हणाली, "चोच संभाळजो." एवढंच, आणि आत निघून गेली.

शेवंताची आई भिमाबाई. त्यांनी वाकळ दिली. लुगड्याच्या तुकड्यांना तुकडे जोडून, बारीक धावदोऱ्यानं शिवलेली. मध्यभागी एक पांढरा चौकोन. शेवंता म्हणाली, "हे मायच्या नागपूरच्या लुगड्याचं हाय. धम्म घेतला तेव्हा नेसली होती." मंजुळाबाई वाकळीकडं बघत राहिल्या, मग शेवंताकडं, मग पुन्हा वाकळीकडं. मला वाटलं आता काहीतरी बोलतात. बोलल्याच. म्हणाल्या, "टाका किती बारीक हाय व! भिमाबाईचे डोये हायेत का दुर्बीण?" आणि स्वतःच्या हातानं खाटेवर अंथरली.

मग त्यांनाही राहवलं नाही. माळ्यावरून त्यांनी एक बोचकं काढलं. त्यात पाळण्यावर टांगायचं चिमणाळं होतं. कापडाच्या चिमण्या, पोटात कापूस, पंखांना टिकल्या, मधोमध राघू. "माही सगळी लेकरं याच्याखाली निजली. आता तिघं बुलढाण्याले अन् दोघी सासरी. चिमण्या बसल्या माळ्यावर." आम्ही ते पत्र्याखालच्या आडव्या बल्लीला, बरोबर खाटेवर टांगलं. वारा आला की चिमण्या गोल फिरायच्या. बाई निजून वर बघतील आणि त्यांना किती बरं वाटेल!

शेवटी माझी आत्या आली, गोजरबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण गावात काही गोळा होतंय आणि आपलं त्यात नाही हे तिला सोसत नाही. तिनं स्वतःच्या लग्नातलं बाशिंग आणलं. रंगीत बेगडाचं, मोत्यांच्या लडींचं. इतकी वर्षं देवळीच्या वर खिळ्याला टांगलेलं असायचं. "यापरीस जिवाचं माह्याजवळ काहीच नाई," ती म्हणाली. "तुह्या मामांपेक्षाबी हे बरं दिसते." मामा म्हणजे तिचा नवरा. आम्ही बाशिंग दारासमोरच्या भिंतीवर लावलं. दार उघडलं की पहिलं तेच दिसे, झगझग.

आता माझी स्वतःची कल्पना सांगते. सगळ्या वस्तू घरच्यांच्या, आमचं काय? म्हणून मी म्हटलं, आपण आपले हात देऊ. हळद कालवायची आणि दाराच्या दोन्ही बाजूंना, बाहेरून, आपापले पंजे उमटवायचे. बाई आल्या आल्या आमचे हातच त्यांना दिसतील. मंजुळाबाई तेव्हा कापूस वेचायला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी थांबवलं असतं.

बाहेरच्या भिंतीवर चुन्याचा ओला हात होता. पिवळा पंजा टेकवला आणि काय सांगू, बघता बघता तो लाल झाला! चुना आणि हळद, दुसरं काय होणार? पण आम्ही आनंदानं ओरडलो आणि आणखी पंजे मारले. भिंत भरून गेली.

शेवंता मागं सरकून बघत म्हणाली, "वच्छे, हे लगनघरावानी नाई दिसत?"

"लगनघर कसं दिसते?"

"चांगलं दिसते."

"मंग झालं तर!"

इथं मी तिचं ऐकायला हवं होतं. पण सांगितलं ना, रोग.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. भिंती वाळाव्यात म्हणून आम्ही दार सताड उघडं ठेवलं आणि जेवायला घरी गेलो. खोली नेमकी बाजाराच्या रस्त्यावर. वरूड म्हणू नका, मासरूळ म्हणू नका, सगळ्या बैलगाड्या तिथूनच जातात.

दुपारी बाबा वांगी विकून आले. टोपली दाणकन ठेवली.

"वच्छे! तुही बाई तर लगन करून राह्यली!"

"कोण बाई?"

"ठोसर बाई! मले सकाळी एकजण म्हणे, बाईचं लगन ठरलं. वांगे तोलतो नाई तर दुसरा म्हणे, ठरलं काय, लागलं! दाराले लाल पंजे, आतमंदी बाशिंग. दुकानाची पाल गुंडाळाले लागलो तं तिसरा म्हणे, खाटेवर चिमण्याबी टांगल्या. एका बाजारात मले बाईच्या लेकराचं बारसं जेवाले मिळते का काय अशी वेळ आली!"

मी तोंडातला घास गिळला. "बाबा, ते आम्ही केलं. ते बाईचं नाई, गोजरआत्याचं बाशिंग हाय."

"गोजरचं लगन तर कवाचं झालं."

"हाव! तेच तर! जुनं हाय!"

"जुनं बाशिंग कोणी दुसऱ्याच्या घरात लावते का?"

मी सजावट, जिव्हाळा वगैरे सांगायला लागले, पण बाबांनी हात वर केला. "बाशिंग खोटं नाई बोलत, वच्छे. अर्जुनराव म्हणे, बाया टिकत नाईत, आता मास्तरच आणतो. आमचं सगळ्यायचं बोलणं झालं बाजारातच. तू उद्यापासून मिरची तोडाले चाल."

अर्जुनराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. ते एकदा "आणतो" म्हणाले की ती गोष्ट झालीच. बाई राहाव्यात म्हणून खोली सजवली आणि त्याच खोलीनं बाईंना गावातून उठवून लावलं, बाई गावात नसताना!

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला आणि गल्लीतून कुणाचं तरी पोरगं ओरडत गेलं, "नवरी आली! नवरी आली!"

बाई? सुटी संपायला तर अजून वेळ होता!

मी धावले. माझ्या आधी अर्धा बाजार पोचला होता. बाई एसटीतून उतरल्या त्या थेट घोळक्यात. केस विस्कटलेले, हातात एक पिशवी. अर्जुनरावांनी बाजारातून झेंडूचा हार घेतला होता, पण नव्या नवरीला आपण हार घातला तर भलतंच होऊन बसेल हे ऐनवेळी त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो घाईघाईनं गोजरआत्याच्या हातात कोंबला आणि आत्यानं बाईंच्या गळ्यात घातला.

"जावई मांगून येऊन राह्यले का?" आत्यानं एसटीत डोकावून विचारलं.

"कोण जावई?" बाई म्हणाल्या.

"लाजते माय!" मागून कुणीतरी म्हणाली.

"काय करतात?" दुसरी.

"अहो कोण काय करतात?"

मला पुढं घुसताच येईना. घोळका हलला तो बाईंना घेऊन सरळ खोलीकडं. बाईंच्या गळ्यात हार, मागं शंभर माणसं, पुढं पोरं. बाईंनी लांबून लाल पंजे बघितले आणि त्यांची चाल मंदावली. दारात आल्या. समोर बाशिंग. वर चिमण्या, मजेत फिरत होत्या. बाईंचा चेहरा असा झाला, जणू परीक्षेत भलताच पेपर आलाय.

आता नाही बोलले तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी मंजुळाबाईंच्या ओट्यावर चढले. भाषण मला एकाच रीतीनं सुरू करता येतं, म्हणून मी ओरडले, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन आणि माझ्या बंधुभगिनींनो!"

अर्जुनरावांनी सवयीनं टोपी सारखी केली.

"बाईंचं लग्न झालेलं नाही! ठरलेलंही नाही! बाईंना या खोलीत करमत नव्हतं, म्हणून आम्ही ती सजवली. पंजे आमचे आहेत. हा लहान शेवंताचा, हा वाकडा माझा. हळद पिवळीच होती, चुन्यानं लाल झाली, त्याला आम्ही काय करणार? पोपट माझ्या मायचा. वाकळ भिमाबाईंची. चिमण्या मंजुळाबाईंच्या लेकरांच्या. आणि बाशिंग गोजरआत्याचं आहे, ते तिनं मामांपेक्षा चांगलं दिसतं म्हणून दिलं!"

इथं मामा हसले नाहीत. बाकी सगळे हसले.

"हाव, माहं हाय ते!" आत्या ठसक्यात म्हणाली. "मंग मले विचाराचं ना कोणी!"

"आत्ता तर तूच जावई पाहून राह्यली होती एसटीत," मंजुळाबाई म्हणाल्या.

"लोकं म्हणत होते म्हणून पाह्यलं. मले काय माहीत, माह्याच बाशिंगाचा घोळ हाय!"

बाई ट्रंकेवर बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. खांदे हलत होते. मग आवाज फुटला, आणि त्या हसत होत्या! हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी.

"अगं मुलींनो," त्या म्हणाल्या, "माझा भाऊ आज मला बघायला पाहुणे आणणार होता. त्यांच्यासाठी पोहे करायचे होते. मी पोहे भिजवले, आणि पहाटेची एसटी धरून पळून आले. म्हटलं, धाडला तरी कुणी लग्नाचं नाव काढणार नाही. आणि इथं येऊन बघते तर बाशिंग!"

बाया इतक्या हसल्या की मंजुळाबाईंना खांबाचा आधार घ्यावा लागला. पण बाबा हसले नाहीत. ते पुढं आले.

"ते झालं, बाई. पण बदलीचं काय? तुमी राहून राह्यल्या का जाऊन राह्यल्या, ते एकदाचं सांगा. आमाले पोरींचं ठरवाचं हाय."

बाईंचं हसू ओसरलं. "मी विचारून आले आहे. अर्ज केला तर बदली मिळेल, असं म्हणाले."

शेवंतानं माझा हात घट्ट धरला. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. खाटेवरच्या वाकळीवरून हात फिरवला, पांढऱ्या चौकोनाशी तो थांबला. त्यांनी भिमाबाईंकडं बघितलं, आणि भिमाबाईंनी मान हलवली, की हो, तोच.

"मी राहते," बाई म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे."

"भाडं कमी करू का?" मंजुळाबाई घाईनं म्हणाल्या.

"भाडं नाही. या पाच मुली मॅट्रिक होईपर्यंत शाळेत राहतील, असा शब्द मला आत्ता, इथं हवा. मी आहे तोवर आठवी, आणि उद्या मी आजारी पडले तर दप्तर खुंटीला, असं चालणार नाही. मास्तर आले तरी मुली शाळेत."

बाप एकमेकांकडं बघायला लागले. ते बाईंना पकडायला आले होते, आणि आता स्वतःच पकडले गेले होते, तेही सगळ्या बाजारासमोर!

"मॅट्रिक?" बाबा म्हणाले. "म्या तं आठवीचंच बोललो होतो."

"मग मी अर्ज करते."

"तसं नाई, बाई, पण..."

"माही शेवंता मॅट्रिक होईन," भिमाबाई मागून म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "म्या सांगते. तिच्या बापाचंबी तेच म्हणणं हाय."

मी बाबांकडं बघत होते, बाबा मिशीकडं बघत होते, म्हणजे डोळे खाली करून. आणि मग घोळक्याच्या मागून आवाज आला, "वच्छीबी."

माय होती! माझी माय चारचौघांत, त्यातही बाप्यांसमोर, कधी बोलत नाही. पदर डोईवरून नाकापर्यंत ओढलेला, पण आवाज त्यातून स्पष्ट आला. "वच्छीबी मॅट्रिक होईन. मिरची मी तोडते."

बाबांनी मागं वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आता घरातूनच ठराव पास झाला तं," ते म्हणाले, "मी कोण?"

अर्जुनरावांना गप्प राहणं जड जात होतंच. "मंजूर! मंजूर!" ते म्हणाले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. एका बापानं मान डोलावली की काय होतं ते मी वर सांगितलं आहे. पाचही डोलल्या.

बाशिंग मात्र बाईंनी हात जोडून परत दिलं. "एवढं मात्र न्या," त्या म्हणाल्या. "ते भिंतीवर असलं की मला पोह्यांचा वास येतो."

"नेते," आत्या म्हणाली. "पण लागलं तं कवाबी मांगा. लाजू नका."

घरी जाताना बाबा माझ्या पुढं चालत होते. रिकामी टोपली डोक्यावर, हात मागं. मला वाटलं रागावलेत.

"वच्छे," ते मागं न बघता म्हणाले, "मॅट्रिकले अजून किती वर्सं लागतात व?"

"अकरावीपर्यंत. पास झाले तर तीन."

"अन् नापास झाली तं?"

"नाई होत."

"नाई होत म्हणते!" त्यांनी टोपली एका हातानं सावरली. "ओट्यावर चढली काय, भाषण ठोकलं काय. तुह्या आत्याच्या नवऱ्याले तोंड लपवाले जागा नाई ठेवली."

"खरं तेच सांगितलं."

"तेच तं." मग थोड्या वेळानं, "बरं बोलली. पण शाळा कवा उघडते?"

"सोमवारी."

"मंग सोमवारपर्यंत मिरची."

माय मागून खुदकन हसली. मी मिरची तोडली, सोमवारपर्यंत रोज, आणि तोडता तोडता इतकं बोलले की बाबा शेवटी उठून वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसले.